मोजकाठी

फळ्याशेजारी भिंतीला टेकून एक काठी उभी आहे.
लाल पट्टा, पिवळा, निळा, पुन्हा लाल.
डोकं ज्या पट्ट्याला लागेल
त्यावर गोळ्या किती ते लिहिलेलं.
तराजू नाही, डॉक्टर नाही,
नुसती उंची, आणि डबा धरून मी,
चिसेकाच्या शाळेतला तिसरीचा मास्तर.

आधी पेज.
उपाशीपोटी गोळी घेतली की ढवळून येतं,
म्हणून पहाटे चारलाच आमायी न्यिरेंदांनी चूल पेटवली;
मक्याचं पीठ, सोयाबीन, चिमूट चिमूट साखर,
आणि वल्ह्याएवढा लाकडी डाव.

पेजेच्याही आधी हात.
आंब्याच्या फांदीला पिवळा कॅन टांगलाय,
त्याला दोरी, दोरीला काटकी.
काटकीवर पाय दिला की कॅन मान वाकवतो, पाणी देतो.
पाय सगळ्यांनाच द्यायचा असतो.
हात धुवायला कुणी तयार नाही.

काल मी फळ्यावर गोगलगाय काढली.
शंख बरा जमला.
म्हटलं, ही सरोवराच्या काठी लव्हाळ्यात राहते,
हिच्यातून किडा निघतो, डोळ्यांना न दिसणारा,
आणि पोहणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो.
"दार न वाजवता?" यांखोनं विचारलं.
हो. दार न वाजवता.
मग लघवी लाल होते, म्हटलं,
तर मागच्या रांगेतली मुलगे
एकमेकांकडे बघेनात.
मी त्यांना सांगितलं नाही
की अकराव्या वर्षी मीही
ती लाल धार मोठं झाल्याची खूण समजलो होतो,
आणि भिंतीआड नेऊन
धाकट्या भावाला ऐटीत दाखवली होती.

तादालाचा नंबर आला.
काठीला पाठ लावून उभी राहिली
आणि हळूच टाचा उचलल्या.

बाकीची पोरं गुडघे वाकवतात.
गोळी मोठी, कडूजहर, घशात आडवी बसते.
उंच व्हायला बघणारी ही पहिलीच.
"टाचा खाली."
आल्या. दीड गोळी.
पाणी प्याली, तोंड पुसलं, वळली.
गाल जरासा फुगलेला.
"जीभ उचल."
जिभेखाली अर्धी गोळी,
कडेनं विरघळायला लागलेली.
डोळ्यांत पाणी, पण तोंड वाकडं केलं नव्हतं तिनं.

"यामिकानीसाठी," म्हणाली.

यामिकानी, तिचा भाऊ. पाचवीतून गेला.
रात्रभर कंदिलाच्या होडीवर असतो,
उजाडलं की कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढतो.
गोळ्या येतात हजेरीपटावरच्या नावांना,
आणि पटावर त्याच्या नावावर
मी रेघ मारलीय. पट्टी लावून, सरळ.

"तू गिळ," म्हटलं. "आणि त्याला घेऊन ये."

तो आला तेव्हा डबा बंद होत होता.
पोटऱ्यांवर सुकलेले खवले. उंबऱ्याबाहेरच थांबला.
दोघीतिघींनी नाक धरलं,
मग तादालाकडे बघून सोडलं.
जेवला नव्हता.
आमायींनी पातेलं तिरपं करून
तळाची खरवड काढली, त्याच्या ओंजळीत देणार,
तोच तादाला ओरडली, "हात!"
त्यानं काटकीवर पाय दिला.
कॅननं त्याच्यापुढेही मान वाकवली.

काठीनं त्याला इयत्ता विचारली नाही.
अडीच.
कागदावर मात्र इयत्तेचा रकाना होता.
बराच वेळ पेन धरून बसलो,
मग लिहिलं: पाचवी.

उद्या सकाळी तो पुन्हा पाण्यात असेल.
मासे तिथेच आहेत,
लव्हाळंही तिथेच.

काठी कपाटामागे सरकवत होतो
तर दारात तादाला.
"सर, पुढच्या वर्षी त्याला तीन लागतील ना?"
"नीट जेवला तर."
तिनं मान हलवली,
घरी जाऊन कुणाला तरी जाब विचारायचा असावा तशी,
आणि जाता जाता काटकीवर एकदा उगाचच पाय दिला.